माळ्यावरचा डबा

दरवर्षी नवरात्राच्या आधी आमच्या घरी माळा खाली उतरतो. म्हणजे माळा जागच्या जागीच असतो. त्याच्यावरचं सामान तेवढं खाली येतं, आणि त्याच्याबरोबर एकदा तरी मीही शिडीवरून अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. हा उत्सव आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात गेली चाळीस वर्षं बिनबोभाट चालू आहे. सामान खाली येतं, सौभाग्यवती ते पुसते, 'ह्यातलं निम्मं टाकून द्या' असं म्हणते, मी 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणतो आणि सगळं पुन्हा वर जातं.

यंदा मात्र मी आपण होऊन शिडी लावली. कारण पुण्याच्या लेकीचा फोन आला होता. "बाबा, यंदा आम्ही नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशीच येतोय. आजीच्या ओव्यांची ती सीडी तेवढी काढून ठेवा. पोरगी गाणं शिकतेय, पण पणजीचा आवाज तिनं कधी ऐकलाच नाही."

माझी आई १९९७ साली गेली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, की तिनं कुणासमोर गायलं नव्हतं. पण पहाटे जात्यावर बसली, की तिच्या तोंडून एकामागून एक ओव्या येत. १९९१ च्या दिवाळीत माझ्या मेहुण्यांनी आपला टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून तासभराची कॅसेट भरली. २००४ साली मी सुधारकाच्या उत्साहानं तिची सीडी करून घेतली, आणि जुनी कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकली. "आता काय करायचीय ती? सीडी शंभर वर्षं टिकते म्हणे!" हे वाक्य माझंच. सौभाग्यवतीला ते अक्षरशः पाठ आहे.

तर माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. सीडी त्यातच होती. पण तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा थराखाली थर निघत गेले आणि शेवटी सातवाहनांच्या काळापर्यंत माणसं खाली पोचली. त्याच टेकडीत सापडलेली पॉसायडनची छोटी कांस्यमूर्ती आजही टाउन हॉलच्या संग्रहालयात उभी आहे. आमच्या डब्याचंही तसंच झालं. सर्वांत वर चार पेनड्राइव्ह, त्याखाली सीड्या, त्याखाली साडेतीन इंची फ्लॉप्या, आणि तळाशी सव्वापाच इंची, कागदाच्या पाकिटातल्या, हातात धरल्या की लवणाऱ्या जुन्या फ्लॉप्या.

आठ वर्षांचा नातू शेजारी बसून हे उत्खनन पाहत होता. "आजोबा, एवढ्या सगळ्यांत किती फोटो मावतात ओ?"

या सदराच्या वाचकांना माझी हिशेबी खोड ठाऊक आहेच. उभा जन्म एका सहकारी कचेरीच्या हिशेब खात्यात गेला. प्रश्न कानावर पडला, की बोटं कागद-पेन्सिलीकडे जातात. आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून हिशेबाला बसलो.

तळाची फ्लॉपी ३६० किलोबाइटची. बाइट म्हणजे एक रोमन अक्षर मावेल एवढी खोली. कचेरीत पहिला संगणक १९८९ साली आला, तेव्हा ही फ्लॉपी मी पिशवीत न ठेवता दोन्ही हातांनी, देवाच्या प्रसादासारखी धरून नेत असे. साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ मेगाबाइटची, म्हणजे चौपट. तरीही सुनेच्या मोबाइलमधला एक फोटो तिच्यात मावत नाही. तो तीन-चार मेगाबाइटचा असतो. तिच्यावरची सीडी ७०० मेगाबाइटची. ४८० फ्लॉप्यांहून जास्त माल एका सीडीत. आणि सर्वांत वरचा पेनड्राइव्ह? पहिले पेनड्राइव्ह २००० साली बाजारात आले तेव्हा ते ८ मेगाबाइटचे होते. आमच्या डब्यातला सोळा गिगाबाइटचा निघाला. म्हणजे त्याच्या दोन हजार पट!

"म्हणजे आधीचे लोक वेडेच होते," नातवानं निकाल दिला.

"वेडे नव्हते रे, शहाणे होते. म्हणून तर तू आज हा हिशेब करतोयस," मी म्हणालो, आणि त्याला आणखी खालच्या थरात घेऊन गेलो.

१९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीनं 'रॅमॅक' नावाचं यंत्र काढलं. चकतीवर माहिती साठवणारं हे पहिलं यंत्र. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक, गरगर फिरणाऱ्या. वजन टनाच्या वर. आणि तीत मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरं. ते यंत्र महिन्याच्या भाड्यानं मिळे. आज त्यात नातवाचा दात पडल्याचा एक फोटो ठेवला, तर बाकी विशेष जागा उरणार नाही. उलट, नखाएवढं एक टेराबाइटचं कार्ड २०१९ साली दुकानात आलं. त्यात दोन लाख रॅमॅक मावतात. दोन लाख यंत्रं म्हणजे दोन लाख टनांवर वजन! रोज पाच हजार टन ऊस गाळणारा साखर कारखाना चाळीस दिवस गाळप करील, तेवढा हा बोजा. तो आता बोटाच्या नखावर आला.

आणि आपल्याकडे? मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी स्वतः एक संगणक बांधला. तो १९६० साली पुरा झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव 'टिफ्रॅक' असं ठेवलं. त्याच्या स्मृतीत फेराइटची बारीक कडी होती, तारांत मण्यांसारखी ओवलेली. एकेक कडं एका दिशेनं चुंबकलं की 'एक', उलट दिशेनं की 'शून्य'. सुरुवातीला त्यात १०२४ शब्द होते, आणि प्रत्येक शब्द चाळीस कड्यांचा. आजच्या मापानं ही स्मृती ५१२० बाइट भरते.

आता गंमत पाहा. आपल्या देवनागरीला आजच्या सर्वमान्य पद्धतीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन-तीन खोल्या लागतात. 'कोल्हापूर' या शब्दाला अशा सत्तावीस खोल्या होतात. म्हणजे साऱ्या टिफ्रॅकच्या स्मृतीत 'कोल्हापूर' हा शब्द लागोपाठ १८९ वेळा लिहिला, की घर भरलं! आणि एवढ्याशा स्मृतीवर त्या मंडळींनी विज्ञानाची मोठमोठी गणितं सोडवली. माझ्या फोनमध्ये त्याच्या कोट्यवधी पट जागा आहे, आणि ती 'शुभ सकाळ'च्या फुलांनी भरलेली आहे.

नातू खूश झाला. मीही स्वतःवर खूश झालो. आणि त्या खुशीतच सीडी बाहेर काढली.

पहिली अडचण ही, की घरातल्या कुठल्याच यंत्राला सीडी घालायची फट नव्हती. मुलाचा लॅपटॉप पापडासारखा पातळ. अखेर शेजाऱ्यांचा जुना संगणक चालू केला. सीडी आत गेली, घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि जशी गेली तशी बाहेर आली. तीनदा तसंच झालं. सौभाग्यवती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पोरगा तिशीतला, पण जाणकार. त्यानं सीडी उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, कारखान्यात छापलेली सीडी वेगळी, घरात भरलेली वेगळी. ह्यात रंगाचा पातळ थर असतोय. लेसरनं तो थर ठिकठिकाणी बदलून लिहितात. ऊन, उष्णता, ओल लागली की रंग उतरतोय. कुठं ठेवली होती?"

"माळ्यावर," मी म्हणालो.

"वर पत्रा?"

"पत्रा."

त्यानं फक्त मान हलवली. दोन दिवस खटपट करून त्यानं चाळीस सेकंद सोडवून दिले. त्यात जात्याची घरघर ऐकू येते, बांगड्या वाजतात, आणि आई ओवीचा पहिला शब्द उच्चारणार तोच आवाज तुटतो. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. मीच बळेबळे दिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. हा धक्का मला पहिलाच नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. त्या साली पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या खोल्यांत छातीइतकं पाणी आणि चिखल. टेबलाच्या खणात दोन वस्तू होत्या: २००८ पासूनच्या फोटोंची एक हार्ड डिस्क, आणि माझ्या आजोबांची जुनी खतावणी. आजोबांचं शाहूपुरीत गुळाच्या अडतीचं छोटं दुकान होतं.

पाणी ओसरल्यावर दोन्ही वस्तू हाती आल्या. डिस्क आम्ही मोठ्या काळजीनं धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि संगणकाला जोडली. वाचकहो, हे कधी करू नका! डिस्कच्या आत चकती फिरते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. गाळाचा एक कण आत असला, तरी चालू करताच चकती खरवडली जाते. भिजलेली डिस्क चालू न करता तज्ज्ञाकडे न्यावी, एवढं आम्हाला कुणी सांगितलं असतं, तर नातवाच्या बारशाचे फोटो कदाचित वाचले असते. आम्ही ते स्वतःच्या हातानं पुसले.

खतावणीचं काय झालं? सौभाग्यवतीनं तिची पानं एकेक करून सोडवली, मधे वर्तमानपत्राचे कागद घातले, ते रोज बदलले आणि पंख्याखाली पंधरा दिवस ठेवली. कागद सुरकुतला, कडा गेल्या. पण अक्षर शाबूत! जुनी शाई काजळाची. काजळ म्हणजे कोळशाचा कण. तो पाण्यात विरघळत नाही. त्याच खणातल्या माझ्या डायऱ्यांत मात्र निळं तळं झालं होतं.

मग जुनं तेच सोनं, असं म्हणून मोकळं व्हावं काय? तसंही नाही. खतावणी वाचली खरी, पण ती वाचणार कोण? ती मोडीत होती. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि एका पिढीत आम्ही आपल्याच आजोबांना निरक्षर झालो. इथल्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी रुमाल आहेत. कागद टिकला आहे, शाई टिकली आहे, पण वाचणारे डोळे मोजके.

यंत्रांच्या जगातही हीच कथा. मी १९९६ साली आमच्या घराण्याची हकीकत संगणकावर टाइप केली होती. फाइल आजही शाबूत आहे, उघडतेही. पण पडद्यावर मराठी नाही, कावळ्यांचे पाय उमटतात. कारण त्या काळी मराठी अक्षरांना प्रत्येक फॉन्टवाल्यानं आपापले क्रमांक दिले होते. सगळ्या लिपींना जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ साली निघाली खरी, पण ती आपल्या रोजच्या टंकलेखनात उतरायला पुढची बरीच वर्षं गेली. मधल्या काळात लिहिलेलं पुष्कळ मराठी असं स्वतःच्या मोडीत अडकून पडलं आहे.

हे आपल्यासारख्या गरिबांचंच होतं असं समजू नका. इंग्लंडात १०८६ साली राजानं साऱ्या मुलखाची पाहणी करून चामड्याच्या पानांवर लिहवून घेतली. ती 'डूम्सडे'ची वही आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं शाळकरी मुलांपासून सगळ्यांना कामाला लावून देशाची नवी पाहणी केली आणि ती त्या काळच्या अद्ययावत लेसर चकत्यांवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत ती चकती वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली, आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना ती माहिती सोडवण्यासाठी खास खटपट करावी लागली. नऊशे वर्षांची वही जिंकली, पंधरा वर्षांची चकती हरली!

अशा विचारात पहाट झाली. आणि पहाटे मला एकदम आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बेळगावला असते. मूळ कॅसेट भरली ती तिच्याच यजमानांनी. मी फोन केला. कसं विचारावं कळेना.

"आक्का, आईच्या ओव्यांची ती कॅसेट... तुझ्याकडं काही..."

"आहे की," आक्का म्हणाली. "ह्यांनी तेव्हाच दोन केल्या होत्या. एक तुला दिली, एक आपली ठेवली. दर वर्षी आईच्या तिथीला लावते मी. टेप ढिली झाली तर पेन्सिलीनं गुंडाळते. का रे बाळ? तुझी कुठं गेली?"

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला शाळकरी पोरासारखं खोटं बोलावंसं वाटलं. पण बोललो नाही. सगळं सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "तू लहानपणापासून असाच. नवी पाटी मिळाली की जुनी फोडायचा."

दुसऱ्या दिवशीच्या एस्. टी.नं मी बेळगाव गाठलं. आक्कानं साड्यांच्या ट्रंकेतून कॅसेट काढली. टेपरेकॉर्डरही तोच, मेहुण्यांचा. पट्टा दोनदा बदललेला. बटण दाबलं. जात्याची घरघर. बांगड्या. आणि मग तो शब्द, जो माझ्या सीडीत तुटला होता, तो पुरा ऐकू आला; त्याच्यामागून दुसरा, तिसरा. आवाज थोडा दबला होता, पण आई होती. आम्ही दोघं म्हातारी भावंडं तासभर काहीही न बोलता बसून राहिलो.

परतताना एसटीत मला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांची आठवण झाली. पुण्याच्या या दोघांनी खेडोपाडी हिंडून, बायकांजवळ बसून लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. पुढं शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं, सगळं संगणकात आलं आणि आज ते 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही घरबसल्या ऐकता येतं. कागद, फीत, संगणक, असं तीन ठिकाणी ते नांदलं, म्हणून टिकलं. एकाच ठिकाणी ठेवलं असतं, तर त्यांचीही माझ्यासारखी गत झाली असती.

जाणकार लोक यासाठी एक साधा नियम सांगतात. ज्याची किंमत आहे त्याच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या जातीच्या साधनांवर असाव्यात. आणि एक तरी प्रत दुसऱ्या घरी असावी, म्हणजे आपल्या घराला पूर आला, आग लागली, तरी ती वाचेल. हल्ली ही तिसरी प्रत लोक 'क्लाउड'वर ठेवतात. ढग म्हणतात, पण तो आकाशात नसतो. तोही कुणाच्या तरी इमारतीतल्या यंत्रांवरच असतो. पेनड्राइव्हवर तर फार विसंबूच नये. त्यात विजेचा सूक्ष्म भार कोंडून ठेवलेला असतो; वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो हळूहळू झिरपून जातो. म्हणून मी यात चौथा नियम घातला आहे. तो आक्काचा. वर्षातून एकदा ते लावून ऐकावं. नुसतं ठेवलेलं हरवतं केव्हा, तेच कळत नाही.

आता शेवटची गोष्ट. शेजारच्या वाड्यातली एक मुलगी इतिहास शिकते. तिनं मोडीचा वर्ग केला आहे. बेळगावहून आल्यावर मी तिला आजोबांची खतावणी दाखवली. ती बोट ठेवून अडखळत वाचू लागली. गूळ इतक्या रवे, हमाली इतकी, वर्गणी इतकी... आणि १९४६ सालच्या एका पानावर ती थांबली. "आजोबा, इथं वेगळंच आहे. 'दगडी जाते नवे नग एक, सुनेकरिता, रुपये सव्वातीन.'"

सून म्हणजे माझी आई. ती त्याच साली लग्न होऊन या घरात आली होती. कॅसेटवर घरघरतं, ते हेच जातं. ते अजून आमच्या परसात, तुळशीजवळ आहे.

मी उठून त्या पानाचा फोटो काढला, आणि या वेळी एकटा काढून थांबलो नाही. आक्काच्या कॅसेटवरून केलेली ओव्यांची फाइल आणि हा फोटो आता आमच्या घरी, पुण्याला लेकीकडे आणि बेळगावला आक्काच्या नातवाकडे आहे. मूळ कॅसेट आक्काच्या ट्रंकेतच आहे. तिथून ती हलवायची माझी छाती नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळी, आमच्या घरी यंदा आईच्या ओव्या लागतील. लेकीला मी अजून सीडीची हकीकत सांगितलेली नाही. सौभाग्यवती म्हणते, "सांगू नका. मी सांगेन."

आणि बिस्किटांचा डबा? तो पुन्हा माळ्यावर गेला. पण रिकामा नाही. त्यात आता एक कागद आहे, मी स्वतः काळ्या शाईनं लिहिलेला: कुठली प्रत कुणाकडे आहे, आणि ती दर दिवाळीला लावून पाहायची आहे. कागद मोडीत नाही, देवनागरीत आहे. नातवानं खाली सही केली आहे.